राबाची सुरुवात हिवाळ्यात होते

भातशेतीचा इतिहास म्हटलं की आपल्याला पावसाळाच आठवतो: चिखलणी, लावणी, इरलं. पण ठाणे-कल्याण पट्ट्यातला छोटा शेतकरी १९व्या शतकात सरकारशी का भांडला, हे समजून घ्यायचं तर हिवाळ्यापासून वाचायला लागावं लागतं.

या भागातली हिवाळ्यातली कामं बघा. कापणी झाली की खळ्यावर झोडणी. पेंढा रचायचा, भात कणगीत भरायचं. खाचरात ओल आहे तोवर वाल पेरायचा. माळावरचं गवत कापून भारे बांधायचे. मुंबईतल्या घोड्यांना, गुरांना ते लागायचं, म्हणजे हातात थोडा रोख पैसा. आणि हे आवरलं की कोयता घेऊन ऐनासारख्या झाडांची टहाळं तोडायची, ती राबासाठी.

राब म्हणजे काय? जिथे रोपं तयार करायची त्या जमिनीवर शेण, टहाळं, गवत-पाचोळा यांचे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि पावसाआधी पेटवायचं. या भाजलेल्या जमिनीत बी पेरायचं. थोडक्यात, जूनमधलं रोप थंडीतल्या कोयत्यावर अवलंबून होतं.

आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. १८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि लाकडाची मागणी वाढली. १८७८च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलं ठरवली गेली, तोडीवर बंधनं आली. सरकारच्या दृष्टीने हा जंगल वाचवण्याचा प्रश्न होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने पुढच्या वर्षीच्या भाताचा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. राब हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

राब ही अडाणी उधळपट्टी आहे, असं म्हणणारे अधिकारी होतेच. माझी पदव्युत्तर पदवी विज्ञानातली, त्यामुळे पुढचा भाग मला जास्त रंजक वाटतो. १९१२ साली हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासोबत राबावर रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला. फायदा फक्त राखेमुळे होतो की माती तापल्यामुळेही, हा प्रश्न त्यांनी प्रयोगाने तपासला. तापण्याचाही त्यात वाटा आहे, असं दिसलं. म्हणजे ‘टहाळं जाळू नका, खत टाका’ हा सल्ला दिसतो तितका सोपा नव्हता.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. तीच तोड वनखात्याच्या कागदांत ‘नुकसान’ म्हणून येते आणि शेतीच्या कागदांत ‘खत’ म्हणून. फक्त ‘शेती’ या शीर्षकाची दप्तरं मागवलीत तर अर्धी गोष्ट हाती लागणारच नाही. म्हणून विषय ठरला की आधी बारा महिन्यांच्या कामांचा तक्ता करा. प्रत्येक कामासमोर लिहा: याला जमीन कुणाची लागते, झाड कुणाचं, परवानगी कुणाची? मग कोणत्या खात्याचे कागद बघायचे ते आपोआप कळतं.

कल्याण-डोंबिवलीच्या गावांत खाचरांवर आज इमारती आहेत, पण राब भाजलेली माणसं अजून भेटतात. त्यांना ‘भात कसं लावायचात?’ हे विचाराच. पण त्याआधी विचारा, ‘झोडणी झाल्यावर काय करायचात?’