गाठीवरचा नंबर

पारोळ्याच्या बाजारात कापूस क्विंटलने विकला जातो आणि सूतगिरणीत तो गाठीने पोचतो. एक गाठ म्हणजे १७० किलो रुई. मधल्या टप्प्यात सरकी वेगळी होते, रुई दाबली जाते, तिला वेष्टण चढतं आणि वरून तारा किंवा पट्ट्या आवळल्या जातात. हे करून देणाऱ्या प्रेसवाल्याने कापूस पिकवलेला नसतो आणि जुन्या रिवाजात तो त्याच्या मालकीचाही नसायचा. माल व्यापाऱ्याचा, मजुरी गाठीमागे. दुसऱ्याचा माल ठरल्या दराने बांधून द्यायचा हा धंदा आज औषधांपासून बिस्किटांपर्यंत सगळीकडे चालतो. खानदेशात तो दीडशे वर्षांचा आहे. त्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट सलत राहते. कायद्याला गाठ फार लवकर दिसली. गाठ बांधणारी बाई दिसायला पुढची कित्येक वर्षं गेली.

बोरी नदीकाठचं पारोळं हे मुळात पन्नासेक घरांचं खेडं होतं, असं सांगतात. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७च्या सुमारास इथे भुईकोट किल्ला बांधला आणि खेड्याचं तटबंदीचं गाव झालं. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी असलेलं नातं पारोळेकर आजही अभिमानाने सांगतात. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली, पण बाजार टिकला. गुरं, कापूस, लुगडी आणि धान्य हा या बाजाराचा व्यापार म्हणून इंग्रजी गॅझेटिअरांनीही नोंदवला आहे.

त्या काळी सरकी काढायची ती घरोघरच्या चरकावर, आणि ते काम बहुधा बायकांचं. निघालेली रुई सैल बोजांमध्ये कोंबून बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून घाटापलीकडे जायची. वाटेत धूळ, पाऊस, मुक्कामाच्या जागचा कचरा, सगळं तिच्यात मिसळे. काही जण मुद्दामही मिसळत. वजन वाढावं म्हणून पाणी शिंपडायचं, बोजाच्या पोटात सरकी, माती नाहीतर हलका कापूस भरायचा आणि वरून चांगल्या रुईचा थर द्यायचा. लँकेशायरच्या गिरण्यांची ओरड मुंबईपर्यंत आली. अशा भेसळीविरुद्ध मुंबई सरकारने पहिला कायदा केला तो १८२९ साली, आणि १८६३मध्ये आणखी कडक कायदा आणला. गाठ उघडून तपासायचा अधिकार सरकारी निरीक्षकाला मिळाला. गाठीच्या पोटात काय आहे हे पाहणारा सरकारी माणूस नेमला गेला, तेव्हा ती भरणाऱ्या हातांसाठी देशात एकही कारखाना कायदा नव्हता.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस अडला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटी बियाणं आणून शेतकऱ्यांना दिलं. १ जानेवारी १८६५ला थळघाटातून रेल्वे सुरू झाली आणि खानदेशचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला. मुंबईहून पुढच्या बोटीचं भाडं रुईने अडवलेल्या जागेवर ठरे. रुई जितकी दाबावी तितकं भाडं कमी पडे. आधी मुंबईत कुलाब्याला होणारं हे दाबण्याचं काम आता पिकाच्या जवळ आलं. सरकी काढणारी वाफेची जिनं आणि प्रेस रेल्वेच्या गावांत, विशेषतः जळगावात, उभे राहिले. पारोळ्याला मात्र रेल्वे आली नाही, अजूनही नाही. इथला कापूस गाड्यांतून बाहेर जात राहिला.

मुंबईच्या बाजारातली गाठ ३९२ पौंडांची होती. अशा दोन गाठी मिळून ७८४ पौंडांची एक खंडी. किलो आले, गाठ १७० किलोची झाली, तरी रुईचा भाव आजही ३५६ किलोंच्या खंडीवरच बोलला जातो. जुनी दोन गाठींची बेरीज अशी भावात शिल्लक राहिली आहे.

त्या गाठी कशा भरल्या जात, हे १८८५च्या कारखाना आयोगापुढच्या साक्षींमुळे कळतं. खानदेशातल्या एका जिनिंग कारखान्याच्या व्यवस्थापकाने आपल्याच धंद्याची हकीकत आयोगाला सांगितली. साध्या दिवसांत इंजिन पहाटे ५ला सुरू व्हायचं आणि रात्री १०ला थांबायचं, मधे थांबणं नाही. जिनांवर आणि प्रेसवर बहुतेक बायका. रोज तीन ते चार आणे. मार्च-एप्रिलात माल तुंबला की रात्रंदिवस काम, संध्याकाळी अर्धा तास विसावा. तीच माणसं सलग आठ-आठ दिवस असं काम करायची. त्यापलीकडे शरीर चालेना, मग मुंबईहून नवी माणसं आणायची. इतके तास राबणारे पुष्कळदा मरतात, हेही त्याने सांगितलं. ही साक्ष कुणा सुधारकाची नाही. कारखाना चालवणाऱ्यानेच ती दिली, म्हणून ती अधिक जड वाटते.

यातलं काहीही तेव्हा बेकायदा नव्हतं. पहिला कारखाना कायदा १८८१चा. तो शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांना लागू होता आणि त्यात वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळले होते. जिनिंगचा धंदा हंगामी. कापूस आला की पेटायचा, संपला की थंड. ज्या हंगामीपणामुळे बायकांच्या वाट्याला दिवसरात्रीचं काम येत होतं, त्याच हंगामीपणावर बोट ठेवून कायदा त्यांच्या दारातून परत जात होता.

मुंबईत चित्र थोडं वेगळं होतं. सप्टेंबर १८८४मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती आणि कामाचे ठरावीक तास मागणाऱ्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या पडल्या, आणि १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. गिरणीची वस्ती बारमाही असते, तिथे माणसं एकमेकांना ओळखतात आणि सभा भरते. चार महिने जिनात राबून शेतावर परतणाऱ्या बायकांची सभा कोण भरवणार? हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११मध्ये, म्हणजे कापसातल्या भेसळीचा पहिला कायदा होऊन ८२ वर्षांनी.

प्रेसचं काम जवळून पाहिलं तर त्यातला धोका कळतो. जिनातून निघालेली रुई आधी मोठ्या खोलीत साचते. धंद्यातली माणसं तिला पाला हाउस म्हणतात. तिथून कवेत धरून ती प्रेसच्या खोल पेटीत टाकायची. जुन्या प्रेसमध्ये माणसं पेटीत उतरून ती पायांनी तुडवत, वरून आणखी रुई पडे, पुन्हा तुडवायची. हवेत तंतू इतके की चेहरे पांढरे व्हायचे. तोच तंतू वर्षानुवर्षं छातीत जाऊन दमा जडतो. आणि आगीची भीती सतत. कपाशीतून एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनात गेला तर ठिणगी उडते. ती रुईबरोबर दाबली गेली तर गाठ बाहेरून थंड दिसते आणि आत दिवसेंदिवस धुमसत राहते. गोदामात किंवा गाडीत अचानक धूर निघतो, तेव्हा तिच्याभोवती शेकडो गाठी रचलेल्या असतात.

१९२५च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालणं बंधनकारक केलं. कुठली गाठ कुणी बांधली ते आता शोधता येऊ लागलं. त्याच सुमाराच्या खानदेश-वऱ्हाडात प्रेसमालकांची ‘पूल’ पद्धत चालत असे. गरजेपेक्षा जास्त प्रेस उभे राहिले, तेव्हा मालकांनी आपसांत ठरवून काही बंद ठेवले, दर एकच ठेवला आणि मिळकत वाटून घेतली. बंद प्रेसच्या मालकालाही त्याचा हिस्सा पोचायचा. त्या प्रेसवरच्या मजुराला असा हिस्सा नव्हता.

१९३४च्या कायद्यानेही फरक ठेवलाच. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामी कारखान्यात ६०. हा भेद मिटला १९४८च्या कायद्याने, ४८ तास सगळ्यांना. त्याच कायद्याच्या २७व्या कलमात खास प्रेसबद्दल लिहिलं होतं. कापूस मोकळा करणारं यंत्र जिथे चालू असेल, प्रेस कारखान्याच्या त्या भागात बाई किंवा मूल कामाला ठेवायचं नाही. मधे छपरापर्यंत भिंत असेल तरच पलीकडे बायकांना काम देता येईल. अख्ख्या देशाच्या कारखाना कायद्यात एका धंद्यातल्या एका भिंतीची उंची लिहावी लागली, यावरून त्या धुळीची कल्पना यावी.

१९७२मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार योजना सुरू झाली आणि प्रेसचं गिऱ्हाईकच बदललं. आता माल सरकारी योजनेचा. खाजगी आणि सहकारी जिन-प्रेस करारावर, ठरल्या दराने तो पिंजून बांधून देऊ लागले. खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा, गाडीखाली झोपलेले शेतकरी, आवारात छपराला टेकलेले कपाशीचे ढीग, हे त्या पिढीच्या आठवणीतलं खानदेश आहे. दोन हजार सालानंतर एकाधिकार संपत गेला, बीटी वाण आलं, जिनं-प्रेस आधुनिक झाले. पेटीत उतरून तुडवणं गेलं. दाबायचं काम यंत्र करतं.

ढिगाशी बसून कपाशीतला कचरा वेचणाऱ्या बायका मात्र अजून आहेत. आता त्यांच्या हातात येतं ते प्लास्टिक. खताच्या पोत्याचा निळा धागा, गुटख्याची पुडी, सुतळी, पालापाचोळा. यातला एक धागा रुईत राहिला तर पुढे रंगवलेल्या कापडात तो वेगळा उठून दिसतो आणि गिरणी माल नाकारते. स्वतःचा केससुद्धा रुईत पडू नये म्हणून डोकी फडक्याने घट्ट बांधलेली असतात. संध्याकाळी त्या दिवशीच्या गाठी वजनकाट्यावर चढतात. वेष्टणावर काळ्या शाईने कारखान्याचं नाव, लॉट, गाठीचा नंबर आणि वजन उमटतं. मग ट्रक भरतो आणि धुळ्याच्या दिशेने महामार्गाला लागतो.