बेल वाजवायला परवानगी कुणाची?

माझी शिफ्ट अमेरिकेच्या वेळेवर चालते. पहाटे चारला लॅपटॉप बंद होतो, त्यामुळे सकाळी साडेदहाला दाराची बेल वाजते तेव्हा माझी मध्यरात्र असते. बाहेर कोण? वॉटर प्युरिफायरवाला, देणगीवाले, नाहीतर निवडणुकीचं पत्रक घेऊन आलेली मुलं. त्या क्षणी कुणी विचारलं ना, की दारोदार फिरण्यावर सरसकट बंदी घालू का, तर मी अर्ध्या झोपेत सही करून देईन.

अशी सही एका गावाने खरंच केली होती. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं स्ट्रुथर्स. पोलाद कारखान्यांचं गाव, कितीतरी कामगार रात्रपाळीचे. त्यांची दिवसाची झोप मोडू नये, आणि पत्रकं वाटायच्या नावाखाली चोरांनी घरं हेरू नयेत, म्हणून नियम झाला: पत्रकं देण्यासाठी कुणाचीही बेल वाजवायची नाही, दार ठोठवायचं नाही. थेल्मा मार्टिन नावाच्या बाईंनी एका धार्मिक सभेचं फुकट आमंत्रण देण्यासाठी बेल वाजवली. 10 डॉलर दंड झाला.

या बाई यहोवाच्या साक्षीदारांपैकी. हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. केरळमधल्या ज्या तीन मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढलं होतं आणि 1986 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने ज्यांच्या बाजूने निकाल दिला, ती मुलं याच पंथाची. घरोघरी जाऊन सांगणं हा त्यांच्या धर्माचाच भाग. त्यामुळे अमेरिकेत गावोगावच्या नियमांशी पहिली टक्कर यांचीच व्हायची. 1938 मध्ये जॉर्जियातल्या ग्रिफिन शहराचा नियम कोर्टाने उडवला. तिथे कुठलंही छापील साहित्य वाटायचं तर सिटी मॅनेजरची लेखी परवानगी लागायची. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतलं अर्व्हिंग्टन. तिथला अर्ज तर वाचण्यासारखा आहे: उंची, वजन, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, वर फोटो आणि बोटांचे ठसे. एवढं सगळं कशासाठी, तर शेजारच्या गल्लीत चार पुस्तिका वाटायच्या म्हणून! तोही नियम गेला.

पण या दोन्ही ठिकाणी प्रश्न अधिकाऱ्याच्या मर्जीचा होता. स्ट्रुथर्सने मर्जीची भानगडच ठेवली नव्हती, सगळ्यांना सारखी बंदी. आणि कारण खरं होतं, रात्रपाळीचा माणूस खरंच झोपलेला होता. म्हणून मला ही केस सगळ्यांत अवघड वाटते. न्यायमूर्तींनाही ती अवघड गेली. ह्यूगो ब्लॅक यांनी आधी नियमाच्या बाजूने निकालपत्र लिहायला घेतलं होतं. मग सरन्यायाधीश स्टोन यांची विरोधी टिपणी फिरली आणि ब्लॅक यांचं मत बदललं. 3 मे 1943 ला निकाल आला तो 5 विरुद्ध 4, आणि तो लिहिला ब्लॅक यांनीच, पण मार्टिनबाईंच्या बाजूने.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ज्यांच्याकडे पैसा नाही, त्यांच्या चळवळीला दारोदार जाण्याशिवाय दुसरा रस्ता कुठला? आणि महायुद्ध चालू होतं. युद्धाचे रोखे खपावेत म्हणून खुद्द सरकारच लोकांना घरोघर पत्रकं वाटायला सांगत होतं! पाहुणा नको असेल तर घरमालकाने तसं सांगावं, आणि सांगूनही कुणी आला तर खुशाल शिक्षा करा. पण 'नको' हा शब्द घरातल्या माणसाचा. गावाने सगळ्यांच्या वतीने तो आधीच म्हणून टाकायचा नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर सेटिंग ज्याच्या त्याच्या हातात द्या.

गंमत पुढे आहे. 1951 मध्ये लुइझियानातल्या अलेक्झांड्रिया शहराची केस आली. तिथे बोलावल्याशिवाय घरोघरी विक्रीला जायला बंदी होती. अशा नियमांना 'ग्रीन रिव्हर' नियम म्हणतात, कारण वायोमिंगमधल्या त्या नावाच्या गावाने 1931 मध्ये असा नियम केला होता. अलेक्झांड्रियात पकडला गेला तो मासिकांची वर्गणी गोळा करणारा माणूस. या वेळी कोर्ट शहराच्या बाजूने उभं राहिलं, 6 विरुद्ध 3. ब्लॅक विरोधात. म्हणजे धर्माचं पत्रक फुकट द्यायला आलात तर बेल वाजवा, मासिक विकायला आलात तर नाही. मला हे पटत नाही. झोप दोन्हीकडे सारखीच मोडते, आणि मासिकातही छापलेले विचारच असतात की.

मग थेट 2002. पुन्हा ओहायो, गाव स्ट्रॅटन, लोकसंख्या 278. इथे बंदी नव्हती. महापौरांच्या कार्यालयात नाव नोंदवा, फुकट परवाना घ्या, झालं. यहोवाच्या साक्षीदारांनी तो मागितलाच नाही. सांगण्याची आज्ञा देवाची आहे, महापौरांना कशाला विचारायचं? न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा एक मुद्दा भारी आहे: समोरच्या घरी जाऊन 'यंदा महापौरांना मत देऊ नका' असं शेजाऱ्याला सांगावंसं वाटलं, तरी आधी महापौरांचीच परवानगी हवी! शिवाय ज्याला नाव न सांगता बोलायचंय त्याने काय करायचं? 8 विरुद्ध 1 ने परवान्याची अट गेली.

तो एक म्हणजे सरन्यायाधीश रेनक्विस्ट. त्यांनी आदल्या वर्षीच्या खुनांची आठवण करून दिली. डार्टमथ कॉलेजच्या दोन प्राध्यापकांच्या घरी दोन तरुण सर्व्हे करतोय म्हणून शिरले होते आणि दोघांना मारलं होतं. बाकीच्यांचं उत्तर असं होतं की परवाना नाही म्हणून गुन्हेगार काही बेल वाजवायचा थांबणार नाही. उत्तर बरोबर असेल, पण आमच्या मजल्यावर दुपारी एकट्या असणाऱ्या आजींना ते पुरेल का, मला सांगता येत नाही.

स्ट्रॅटनच्या त्याच नियमात आणखी एक कलम होतं: ज्याला नको असेल त्याने दारावर पाटी लावावी आणि गावाकडे तशी नोंद करावी, मग तिथे कुणी जायचं नाही. त्याविरुद्ध कुणी कोर्टात गेलंच नाही. ते टिकलं.

मागच्या आठवड्यात मीही दारावर कागद चिकटवलाय: 'रात्रपाळी. कृपया बारानंतर बेल वाजवा.' परवा एक मुलगा पत्रक घेऊन आला, बरोबर बारा वाजून पाच मिनिटांनी.