वंशावळीबाहेरची बाई

सप्टेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात घरोघरी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावातही जुन्या पेट्या उघडल्या. मोडी वाचणाऱ्याला एकदम मान आला. आमची वंशावळ तयार झाली: मी, वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. पाच पिढ्यांच्या त्या कागदावर एकाही बाईचं नाव नव्हतं. नातं बापाकडून सिद्ध करायचं असल्याने ते कुणाला खटकलंही नाही.

मला खापरपणजी आठवली. दुष्काळात तिने एकटीने मुलं जगवली, एवढंच आजी सांगायची. तिचा उल्लेख ‘तेरची माय’ असा करायची.

आधी सरकारी कागद पाहिले. हा मुलूख 1853 च्या तहाने इंग्रजांकडे गेला आणि 1860 मध्ये निजामाकडे परतला. त्यामुळे दप्तर कुठे मोडीत, कुठे फारसी-उर्दूत, आणि सनही फसली. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो. हैदराबाद संस्थानाची पहिली शिरगणती 1881 ची. तेव्हा ती दहा-बारा वर्षांची असावी. पण छापील तक्त्यांत माणसांचे आकडे उरतात, नावं नाहीत. फसली 1309, म्हणजे 1899-1900 च्या दुष्काळी सालातल्या एका कागदात ती सापडली. खापरपणजोबा वारले होते, मुलगा अज्ञान होता, म्हणून जमिनीपुढे तिची नोंद झाली होती. नोंद काय, तर नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘बेवा’. नवरा मेल्यावर ती दप्तरात आली, तीही नावाशिवाय.

नाव मिळालं नाशिकला. पणजोबांनी आईच्या अस्थी रामकुंडावर नेल्या होत्या. श्राद्धाला बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात आणि आईच्या वडिलांचंही. महसूल खात्याला जे नको होतं, ते विधीला हवं होतं. तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या गावाखाली पणजोबांची मोडी नोंद निघाली. तीत आईचं नाव होतं, आजोळच्या आजोबांचं नाव होतं, आणि आजोळ : तेर.

म्हणजे आजीची ‘तेरची माय’ खरी होती. गोरोबाकाकांच्या त्या गावी जाऊन आलो. वहीतलं आडनाव तिथे आजही नांदतं आहे. एका म्हातारबाबांनी आमच्या गावाचं नाव ऐकताच विचारलं, “म्हणजे तुम्ही आमचे भाचे की!” तीन पिढ्यांपूर्वी तुटलेली ये-जा तेवढ्यावर सुरू झाली.

घरी येऊन वंशावळीच्या प्रतीवर खापरपणजोबांशेजारी पेनाने तिचं नाव आणि माहेर लिहिलं. दाखल्याला त्याचा काही उपयोग नाही. पण सध्या अनेक घरांत या वह्या उघडल्या जात आहेत. आजोबांची ओळ वाचून झाली की वही लगेच मिटू नये. आजीचं नाव पुढच्याच ओळीत असू शकतं.