मज्जारज्जूची इजा

मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू निकामी झाला, असे नाही. मोडलेले हाड सरकून रज्जूवर दाबले गेले, की मात्र त्या जागेखालची हालचाल आणि संवेदना कमी होते किंवा पार जाते. मानेत मार लागला तर हातपाय दोन्ही लुळे पडतात. पाठीत लागला तर हात शाबूत राहतात, पाय जातात. मानेत फार वरच्या बाजूला इजा झाली तर श्वासही बंद पडतो.

वाहनांचे अपघात आणि उंचावरून पडणे ही प्रौढांमधली मुख्य कारणे. भारतात झाड, गच्ची आणि बांधकामाची परांची यांवरून पडलेले रुग्ण बरेच. म्हाताऱ्या माणसांना घरातल्या घरात पाय घसरणेही पुरते, कारण मानेच्या मणक्यांमधली जागा झिजेने आधीच अरुंद झालेली असते.

जखमीला बखोटीला धरून उठवणे आणि रिक्षात बसवणे हे सर्वांत घातक. मान आणि पाठ एका रेषेत धरून, तिघाचौघांनी त्याला एकसंध फळीवर घ्यावे. रुग्णालयात रक्तदाब टिकवतात, एमआरआय काढतात. रज्जूवर दाब असेल तर शक्यतो 24 तासांत शस्त्रक्रिया करून तो काढतात, स्क्रू आणि सळ्यांनी कणा स्थिर करतात. 1990च्या दशकात भरमसाट स्टेरॉइड देत. आता सरसकट देत नाहीत. तुटलेला रज्जू पूर्ववत करणारा उपचार अजून सिद्ध झालेला नाही.

तरीही माणसे जगू लागली, त्याचे मोठे श्रेय शुश्रूषेला आहे. पूर्वी बेडसोर आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांनीच बहुतेक रुग्ण दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी 1944मध्ये विभाग सुरू केला आणि रुग्णाला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवण्याचा दंडक घातला. 1948मध्ये त्यांनी तिथेच व्हीलचेअरवरील 16 जणांची धनुर्विद्या स्पर्धा भरवली; पॅरालिम्पिकचे मूळ तेच. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी 1972च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले.

इजा अपूर्ण असेल, म्हणजे खाली थोडी जरी संवेदना उरली असेल, तर सुधारणेची आशा जास्त. ती बहुतांशी पहिल्या वर्षात दिसते. घरी सोडताना कॅथेटर दर चार-सहा तासांनी कसा घालायचा, माकडहाडावरची आणि टाचेवरची कातडी रोज कशी तपासायची, हे घरच्यांच्या हातून करवून घ्यायलाच हवे. अनेक ठिकाणी ते होत नाही आणि काही महिन्यांत तोच रुग्ण बेडसोर घेऊन पुन्हा दाखल होतो.