दफ्तर कोणाच्या घरी?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. जुन्या घराण्यांची दफ्तरे धुंडाळत ते गावोगाव हिंडले. पत्र कोणी लिहिले, याइतकेच ते कोणाच्या घरी राहिले यावरही इतिहास अवलंबून असतो, हे त्यांच्या खटाटोपावरून ध्यानात येते. दफ्तर ज्याच्या माळ्यावर, त्याच्या मर्जीवर अभ्यासकाचे वाचन! गेल्या वीस वर्षांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ईमेल संस्थेच्या संगणकावरून ‘क्लाउड’वर गेली. त्या स्थलांतराचा इतिहासही याच दृष्टीने वाचावा, असे मला वाटते.

आरंभी विद्यापीठाचे टपाल विद्यापीठाच्याच घरी असे. आपल्याकडे १९८६ मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्प सुरू झाला. जुहूचे एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी या मुंबईतील संस्था त्यात प्रथमपासून होत्या. आलेले पत्र संस्थेच्या आवारातील यंत्रावर साठे. यंत्र बिघडले तर तक्रार करण्यासाठी ठोठावण्याजोगे एक दारही असे. मात्र जागा तुटपुंजी होती. पेटी भरली की जुनी पत्रे पुसावी लागत, तेव्हा कुठे नव्या पत्रांना वाव मिळे.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल आणले आणि प्रत्येकाला एक गिगाबाइट जागा देऊ केली. विद्यार्थी साहजिकच तिकडे वळले. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या विद्यार्थ्यांसाठी गूगलची सेवा स्वीकारली. पत्त्यात नाव विद्यापीठाचे, साठवण गूगलची, प्रत्येक खात्याला दोन गिगाबाइट जागा आणि शुल्क शून्य. मायक्रोसॉफ्टचीही अशीच योजना होती. नवी यंत्रे घेणे, अनाहूत टपाल गाळणे, रात्री-अपरात्री बिघाड दुरुस्त करणे या साऱ्यांतून संस्थांची सुटका होत होती. तेव्हा हा निर्णय अविचाराचा होता असे म्हणता येणार नाही.

तथापि पहिला प्रश्न लवकरच उभा राहिला. कॅनडातील लेकहेड विद्यापीठानेही २००६ मध्येच हा मार्ग धरला. अमेरिकी कंपनीकडे असलेली पत्रे २००१ च्या ‘पेट्रियट अ‍ॅक्ट’खाली अमेरिकी सरकारला पाहता येतील, या शंकेने तेथील प्राध्यापक संघटनेने तक्रार गुदरली. सेवाकरारात आम्हांस खाजगी पत्रव्यवहाराचा हक्क आहे, तो या व्यवस्थेत बुडतो, असे तिचे म्हणणे होते. प्रकरण लवादापुढे गेले आणि २००९ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. या वादात ईमेलची तुलना पोस्टकार्डाशी केली गेली, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पोस्टकार्ड पोस्टमनही वाचू शकतो, हे गृहीत धरूनच आपल्या मागल्या पिढ्यांनी त्यावर मजकूर लिहिला. ईमेल लिहिताना मात्र बंद पाकिटाचा भास होतो, आणि विद्यार्थी आपल्या अडचणी त्याच भरवशावर शिक्षकाला लिहितो.

‘क्लाउड’ या शब्दानेही थोडा घोटाळा केला आहे. हा ‘ढग’ कुठल्या तरी देशाच्या जमिनीवर, कुलूपबंद इमारतींत, वीज खात उभा असतो आणि त्याला त्या त्या देशाचा कायदा लागू होतो. येल विद्यापीठाने २०१० मध्ये हे स्थलांतर काही काळ लांबणीवर टाकले, तेव्हा प्राध्यापकांच्या चिंतांत पत्रे नेमकी कुठे राहणार हाही मुद्दा होता. पुढल्या वर्षी येलही त्याच वाटेने गेले.

दुसरा प्रश्न वापराचा. कॅलिफोर्नियातील एका खटल्याच्या ओघात असे उघड झाले, की शैक्षणिक खात्यांत जाहिराती दाखवल्या जात नसतानाही त्यांतील पत्रे जाहिरातींच्या हेतूने यंत्राकरवी चाळली जात होती. एप्रिल २०१४ च्या अखेरीस गूगलने हे चाळणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

तिसरा प्रश्न मुदतीचा, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर. मधल्या काळात शैक्षणिक संस्थांना अमर्याद साठवणीचे आश्वासन मिळाले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते मागे घेण्यात आले. विनामूल्य योजनेतील जुन्या संस्थांसाठी जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून शंभर टेराबाइट अशी मर्यादा ठरली. हिशेब सोपा आहे. दहा हजार खात्यांच्या संस्थेत प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दहा गिगाबाइट येतात; पन्नास हजारांच्या विद्यापीठात दोन, म्हणजे २००६ मध्ये होते तेवढेच! आणि या जागेत पत्रांबरोबर फाइली व छायाचित्रेही आली. मर्यादा आली की काटकसरीचा पहिला घाव बहुधा माजी विद्यार्थ्यांच्या खात्यांवर पडतो.

आपल्याकडील अनेक महाविद्यालयांनी २०२० च्या टाळेबंदीत घाईघाईने विद्यार्थ्यांना असे पत्ते दिले. त्या वर्षांत आमच्या वर्गाचे सारे बोलणे याच पत्रांतून झाले. टिपणे, निबंधांचे खर्डे, ‘सर, घरात एकच फोन आहे’ अशा ओळी, एका विद्यार्थिनीने प्रबंधिकेचा विषय तीनदा बदलला त्याची कारणे. ती तुकडी उत्तीर्ण झाली आणि यथावकाश तिची खाती बंद झाली. पत्रांची एक बाजू माझ्या पेटीत उरली आहे. दुसरी बाजू गेली. एका अभूतपूर्व काळात मराठीचा वर्ग कसा चालला, याचे हे अव्वल साधन होते. ते कोणी जाळले नाही की वाळवीने खाल्ले नाही. नियमाप्रमाणे पुसले गेले, इतकेच.

उपाय अवघड नाही. आपल्या खात्याची प्रत उतरवून घेण्याची सोय गूगलने २०११ पासून ‘टेकआउट’ या नावाने दिली आहे. संस्थेच्या खात्यांसाठी मात्र ती व्यवस्थापकाने खुली ठेवावी लागते. खाते बंद करण्यापूर्वी पुरेशी मुदत द्यावी, प्रत कशी घ्यायची ते मराठीतून सांगावे, आणि स्वेच्छेने कोणी आपली निवडक पत्रे ग्रंथालयाला देऊ इच्छीत असेल तर ती ठेवण्याची व्यवस्था असावी. हे काम संगणक विभागावर सोडून चालणार नाही. दफ्तराचे मोल सांगण्याची जबाबदारी भाषा आणि इतिहास शिकवणाऱ्यांची आहे, आणि ती पुढील तुकडी बाहेर पडण्याआधी पार पाडावी लागेल.