एक तरुण, दोन मर्यादा: इंडक्टरवरील दोन आकड्यांचा इतिहास

१/ पॉवर इंडक्टरच्या माहितीपत्रकात अँपिअरचे दोन आकडे असतात: सॅच्युरेशन करंट, म्हणजे संपृक्तता प्रवाह, आणि रेटेड करंट. दोन्हींची मुळे जेम्स जूल या एकाच माणसाच्या प्रयोगांत सापडतात. 🧵

२/ सॅल्फर्डच्या मद्यनिर्मात्याचा हा मुलगा १८४० मध्ये जेमतेम बाविशीचा होता. वाफेऐवजी विजेवर यंत्रे चालवण्याची त्याला आस होती. मात्र विद्युतचुंबकात प्रवाह वाढवत नेला, तरी एका टप्प्यापुढे लोखंडाचे बळ त्या प्रमाणात वाढेना. लोखंड चुंबकत्वाने जणू भरून जाई. हीच संपृक्तता.

३/ त्याच वर्षी डिसेंबरात त्याने रॉयल सोसायटीला दुसरा शोध कळवला: तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट.

४/ पहिली मर्यादा गाभ्याची, दुसरी तांब्याची. गाभा भरला की इंडक्टन्स घसरते आणि प्रवाह क्षणार्धात उसळून स्विच जळू शकतो. तांबे मात्र सावकाश तापते. क्षणिक चढ ते सोसते.

५/ १९३० मध्ये टोकियोत काटो आणि ताकेई यांनी फेराइटचा शोध लावला. उच्च वारंवारतेवर त्यात ऊर्जेची नासाडी कमी होते; पण ते लोखंडापेक्षा लवकर आणि एकाएकी संपृक्त होते. त्यामुळे जूलची पहिली मर्यादा अधिकच कडक झाली.

६/ आज इंडक्टन्स ठरावीक टक्क्यांनी, बहुधा २० किंवा ३० टक्क्यांनी, घटते तो संपृक्तता प्रवाह. वेटोळ्याचे तापमान ठरावीक अंशांनी, बहुधा ४० अंशांनी, वाढते तो रेटेड करंट.

७/ समजा, सरासरी प्रवाह ४ अँपिअर आणि त्यावरील चढउतार २ अँपिअरचा आहे. शिखर ५ अँपिअरवर जाते. त्याची तुलना संपृक्तता प्रवाहाशी करावी. उष्णता देणारा परिणामी प्रवाह मात्र सुमारे ४.०४ अँपिअर, त्याची तुलना रेटेड करंटशी. केवळ सरासरी पाहणारा फसतो.

८/ आता भूम तालुक्यातील ईटच्या शिवारात, वैशाखातील दुपारी, सौर पंपाची नियंत्रक पेटी कल्पावी. बाहेर ४० अंश, त्यावर वेटोळ्याची ४० अंशांची वाढ, शिवाय बंद पेटीची धग. १०० अंशांजवळ फेराइटची चुंबकत्व पेलण्याची क्षमता २५ अंशांच्या तुलनेत सुमारे पंचमांशाने घटते. म्हणजे तांब्याची उष्णता गाभ्याची मर्यादाही खाली खेचते.

९/ म्हणून दोन्ही आकडे तपासावेत, तेही प्रत्यक्ष तापमानाला. पिकाला पाणी हवे असते ते नेमके त्याच दुपारी.