गोल बॅरोमीटरची कुळकथा

बॅरोमीटर मुळात लांबलचक, आणि त्याला इलाजही नव्हता. १६४३ साली इटलीत तोरिचेल्लीने काचेच्या नळीत पारा उभा केला, तेव्हापासून हवेचा दाब तोलायचा तर सुमारे ७६ सेंटिमीटर पारा लागणारच. युरोपातल्या दिवाणखान्यांत तो उंच लाकडी पेटीत भिंतीला टांगला जाई.

ही उंची संपवली फ्रान्समधल्या नान्तच्या ल्युसियाँ व्हिदीने. १८४४ मध्ये त्याने पाऱ्याविना चालणाऱ्या बॅरोमीटरचे पेटंट घेतले. पातळ पत्र्याची, वळ्या पाडलेली चपटी डबी, आतली हवा काढून टाकलेली. डबी ५ सेंटिमीटर व्यासाची असेल तर बाहेरची हवा तिच्यावर जवळपास २० किलोंचा भार टाकते. ती चेपू नये म्हणून कमान तिला ताणून धरते. दाब बदलला की पत्रा केसभर हलतो आणि तरफा व साखळी ती हालचाल वाढवून काट्यापर्यंत पोचवतात. इतके नेटके यंत्र घरात क्वचितच असते.

त्याचा स्वाभाविक घाट गोल आणि चपटा. पण जुनी सवय सुटेना. नळी गेली, तरी कोरीव लांब पेटी पुढे कित्येक दशके बनत राहिली.

विसाव्या शतकातल्या आधुनिकतावाद्यांनी ती पेटी काढून टाकली, हे मला त्यांचे खरे श्रेय वाटते. त्यांच्यातलाच डेन्मार्कचा हेनिंग कोपेल मूळचा शिल्पकार. जॉर्ज जेन्सन कंपनीसाठी केलेल्या चांदीच्या भांड्यांनी त्याचे नाव झाले. त्याच्या नावाने निघालेली घड्याळ, बॅरोमीटर, थर्मामीटर आणि आर्द्रतामापक ही भावंडे एकाच साध्या गोल घाटाची, स्टीलची.

साधी तबकडी वाचायलाही बरी. ब्रिटिश आरमारातल्या रॉबर्ट फिट्झरॉयने एकोणिसाव्या शतकातच बजावले होते, की तबकडीवर 'पाऊस' लिहिलेय की 'उघडीप' याला फार महत्त्व देऊ नका, दाब चढतोय की उतरतोय ते पाहा. त्यासाठीच अनेक बॅरोमीटरांना हाताने फिरवायचा दुसरा काटा असतो. आज तो मुख्य काट्यावर आणून ठेवायचा, उद्या फरक बघायचा.

कोपनहेगनहून आणलेला बॅरोमीटर पुण्यात तसाच टांगला, तर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६० हेक्टोपास्कल कमी दाखवेल. मागचा स्क्रू फिरवून तो जुळवावा लागतो. शिवाय आपल्याकडे दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारला उतरतो. तेव्हा काटा वाचायचा तर रोज एकाच वेळी.